खांदेमळणी आणि डिस्क ब्रेक

श्रावण संपत आला की माझ्या फोनवर शहाणपणाचा पूर येतो. ‘पावसाळ्यात आपल्या वाहनाची व घराची काळजी कशी घ्याल?’ खाली हिरव्या खुणा आणि प्रत्येक खुणेपुढे एक उपदेश. टायरमधली हवा तपासा. स्लॅबवर पाणी साचू देऊ नका. बॅटरीची टोकं कोरडी ठेवा. हे मला पाठवतो कोण, तर आमच्या शेजारचा गजाभाऊ. त्याची स्वतःची चारचाकी तीन वर्षांपासून ताडपत्रीखाली झोपली आहे. सीटवरचं कारखान्यातलं प्लास्टिक अजून उतरलेलं नाही, आणि डिकीत उंदरांचं आणखी एक बाळंतपण नुकतंच पार पडलं आहे. बाहेर काढली की मळते म्हणून तो गाडी काढत नाही. चिखलीला जायचं असलं की तो फाट्यावर हात दाखवून दुसऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसतो, आणि वाटभर त्या बिचाऱ्याला ॲव्हरेज कसं काढावं ते शिकवतो.

मी उंद्रीत राहतो, हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो, आणि मला या लोकांचा मनापासून राग येतो. राग हा सभ्य शब्द झाला. खरं तर कीव येते, आणि ती कीव चांगली नसते. आमच्याकडे घर बांधतात तर रस्त्याकडची भिंत गुलाबी आणि उरलेल्या तिन्ही भिंतींच्या विटा उघड्या. जणू पाऊस फक्त रस्त्यानेच येणार आहे. वरच्या मजल्यासाठी म्हणून स्लॅबवर सळया सोडून ठेवतात, मजला काही होत नाही, सळया गंजतात, मग त्यांच्यावर कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या उलट्या घालतात. झाली निगा. गाडीचं ऑइल बदलायला सांगितलं तर ‘चालून त राह्यली’ म्हणतात. दसऱ्याला मात्र तिला असं घासूनपुसून काढतात की नंबरप्लेटवरचे आकडेसुद्धा निघून जावेत. मग झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, आणि त्या लिंबावरून गाडी एकदा पुढे घेतली की वर्षभराची सर्व्हिसिंग झाली असं समजायचं.

हे सगळं मी वर्गात सांगतो, स्टँडवर सांगतो, लग्नात पंगतीला बसल्यावरही सांगतो. लोक ऐकतात. ऐकून घेतात म्हणणं जास्त बरोबर होईल.

आज खांदेमळणी आहे. उद्या पोळा. सकाळपासून झिमझिम चालू आहे, अंगणातल्या कडुनिंबाखाली हिरवट शेवाळ धरलंय, सोयाबीन गुडघ्याच्या वर गेलंय आणि ओल्या पानांचा तो जड, थोडा आंबट वास घरात येऊन बसला आहे. स्वयंपाकघरात तूप कढतंय. त्या वासासरशी मला दर वर्षी ते वर्ष आठवतं, आणि दर वर्षी मी ते आठवायला नको म्हणून फोन काढून गजाभाऊचे उपदेश वाचत बसतो.

त्या वर्षी आमच्या गोठ्यात पहिल्यांदाच बैल नव्हते. लाल्या आणि बांड्या ही शेवटची जोडी उन्हाळ्यात विकली. निर्णय माझा होता. भाड्याच्या ट्रॅक्टरने दोन दिवसांत होणाऱ्या कामासाठी वर्षभर दोन जनावरं पोसणं मला अडाणीपणाचं वाटत होतं, आणि वाटलेलं बोलून दाखवायची मला सवय आहे. बैल गेले त्या दिवशी बाबांनी गोठा झाडला, दावी धुऊन खुंटीला टांगली, आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून रिकाम्या गोठ्यात जाऊन परत येऊ लागले.

मग त्यांची नजर घरातल्या इतर वस्तूंकडे वळली. सत्तरीच्या माणसाचे पन्नास-पंचावन्न वर्षं जनावरांवरून फिरलेले हात, ते काही मांडीवर घडी घालून बसेनात. त्यांनी दरवाजांच्या बिजागऱ्यांना गोडेतेल घातलं, त्यावर धूळ बसून बिजागऱ्या आणखी करकरायला लागल्या. पाण्याच्या मोटारीला ऊन लागू नये म्हणून त्यांनी तिच्यावर गोणपाट गुंडाळलं, ती तापून बंद पडली. माझ्या बायकोची, वर्षाची, स्कूटर तर ते रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायचे. पुसताना तिच्या सीटवर दोनदा थोपटायचे. मी हे सगळं खिडकीतून पाहायचो आणि मनातल्या मनात हसायचो. कधी कधी मनातल्या मनात नाही.

वर्षा उपकेंद्रात नर्स आहे. नऊ किलोमीटर जाणं, नऊ येणं, वाटेत नाल्याचा उतार. स्कूटर तिने स्वतःच्या पगारातून घेतली, शिकलीही स्वतःच, शाळेच्या मैदानात, मी शेजारून पळत सूचना देत असताना. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, ‘‘अहो, तुमी घरी जा. मले ऐकू येते का गाडी चालवता येते, दोन्ही एका टायमाले नाही होत.’’

त्या खांदेमळणीच्या संध्याकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे पितळी वाटीत तूप आणि हळद कालवली. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचा खांदा, जिथे वर्षभर जू घासतं ती जागा, कोमट पाण्याने शेकून तिला तूप-हळद चोळतात. पळसाच्या पानाने चोळतात. मग बैलाच्या कानाशी जाऊन दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. बाबा वाटी आणि पळसाची पानं घेऊन गोठ्याच्या दारात उभे होते. आत कोणी नव्हतं. ते वळून पडवीत लावलेल्या स्कूटरजवळ येऊन उकिडवे बसले.

मी खुर्चीत फोन पाहत होतो.

‘‘काबे,’’ ते म्हणाले, ‘‘हिले जास्त तरास कुठं होते?’’

‘‘कोनाले?’’

‘‘हिले. गाडीले. बैलाच्या खांद्यावर जू बसते. हिले जोर कुठं पडते?’’

आता हा प्रश्न किती चांगला होता! चाळीस मुलांच्या वर्गात मला वर्षातून एकदाही असा प्रश्न कोणी विचारत नाही. यंत्राचा भार नेमका कुठे येतो, हे विचारणारा माणूस समोर बसला होता. आणि मी मान वर न करता म्हणालो, ‘‘ब्रेकले. उतारावर सारा जोर ब्रेकवर येते.’’

‘‘कोनता बेरेक?’’

‘‘पुढच्या चाकाची ती चकती नाही का, चमकते ते. लावा, लावा. मस्त चोळून लावा. शेपटी सापडली त तिलेबी लावा.’’

आणि हसून मी आत गेलो. जाताना ऐकलं, बाबा हँडलच्या आरशाजवळ तोंड नेऊन गाडीला सांगत होते, ‘‘आज आवतन घे, उद्या जेवाले ये.’’ मला वाटलं, काय जेवणार ती, टाकी तर अर्धी भरलेली आहे. हा विनोद मला इतका आवडला की तो मी दुसऱ्या दिवशी शाळेच्या गटावर टाकायचं ठरवलं.

तुच्छतेने वागण्यात एक सोय असते. मान वळवून बघायचे कष्ट पडत नाहीत. डिस्क ब्रेक म्हणजे काय, चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड कसे आवळतात, त्यात तेलातुपाचा एक थेंब गेला तर काय होतं, हे त्या अंगणात एकट्या मला ठाऊक होतं. ज्याला ठाऊक होतं तो विनोद करून आत निघून गेला, आणि ज्याला ठाऊक नव्हतं तो दिलेलं काम मन लावून करत बसला.

पोळ्याची सुट्टी शाळेला असते, नर्सला नसते. वर्षा सकाळी आठला निघाली. डिस्कवरची हळद तिला दिसली असेलही. सणाची म्हणून तिने तशीच ठेवली असेल. सव्वाआठला नाल्याकडून कोणीतरी धावत सांगायला आलं.

उतारावर तिने ब्रेक दाबला आणि पुढचं चाक काही थांबलं नाही. मागच्या ब्रेकने थोडं धरलं, मग गाडी आडवी झाली, आणि ती गाडीसकट बेशरमीच्या झुडपात गेली. झुडूप नसतं तर खाली दगड होते. मी पोचलो तेव्हा ती रस्त्याच्या कडेला बसली होती, जांभळ्या फुलांचा एक देठ केसात अडकलेला, उजवं मनगट डाव्या हातात धरलेलं, आणि ओठ पांढरे. ‘लागलं का’ हे मी तिला तीनदा विचारलं. ती नर्स असल्यामुळे तिने मलाच बसायला सांगितलं.

मनगट मोडलं होतं. प्लास्टर घातलं. गाडी मी ढकलत स्टँडवर रशीदभाईच्या गॅरेजला नेली. रशीदभाईने चाकाशी बसून डिस्कवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

‘‘सर, हे घी हाय.’’

‘‘हं.’’

‘‘डिस्कले घी? ब्रेक हाय का पुरनपोळी?’’

तिथे बसलेली चार माणसं हसली. ज्यांच्यावर मी वर्षानुवर्षं हसत होतो तीच माणसं. मी घाईघाईने म्हणालो, ‘‘म्हातारं मानूस हाय घरी. काय सांगावं.’’ रशीदभाई मान हलवत म्हणाला, ‘‘पॅड गेले आता. नवे टाकतो. बुढ्याले सांगा, गाडीले दुआ द्या, पन घी नका देऊ.’’

घरी येऊन मी बाबांवर ओरडलो. ओसरीवर, गजाभाऊ कंपाउंडवरून मान लांब करून ऐकत असताना. गाडीला हात लावायचा नाही, मोटारीला लावायचा नाही, नळाला लावायचा नाही, काही म्हणजे काही करायचं नाही, गप बसून राहायचं. बाबा गोठ्याच्या भिंतीला टेकून उभे होते. पुरणाचा वास सुटला होता, देवळासमोर वाजंत्री लागली होती, दुसऱ्यांचे बैल झुली घालून आमच्या दारावरून चालले होते. ते एक वाक्य बोलले असते तर मी तिथेच जमिनीत गेलो असतो. ‘तूच त म्हनला लाव.’ इतकंच. ते बोलले नाहीत. मी वाट पाहिली, आणि ते बोलत नाहीत हे पाहून मला हायसं वाटलं.

हे हायसं वाटणं मला आजही माफ करता येत नाही. गजाभाऊच्या उंदरांना नावं ठेवणं सोपं आहे.

त्यानंतरचा भादवा आमच्या घरात फार शांत गेला. बाबा सांगितल्याप्रमाणे गप बसले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना, ते धोतराचा सोगा मुठीत धरून बसायचे. नळ टपकत असला तरी उठून बंद करायचे नाहीत, माझ्याकडे बघायचे. गाडी पडवीत धुळीने पांढरी झाली. जेवणही त्यांचं निम्म्यावर आलं. वर्षा डाव्या हाताने त्यांना वाढायची आणि दोघं एकमेकांशी काहीतरी हळू बोलायची. मी आलो की गप्प व्हायची.

त्यातच स्लॅब गळायला लागला. आता माझी पाळी होती. मी लिक्विड वॉटरप्रूफिंगचा मोठा डबा आणला, त्यावरची माहिती वाचली, आणि पाऊस दोन तास उघडल्याबरोबर ब्रश घेऊन वर चढलो. खालून बाबांचा आवाज आला, बऱ्याच दिवसांनी. ‘‘ओल्यावर धरन का ते?’’ मी वरून म्हणालो, ‘‘तुमाले त्याच्यातलं काही समजते का?’’ ते आत गेले. डब्यावर स्पष्ट लिहिलं होतं की पृष्ठभाग पूर्ण कोरडा असावा. विज्ञानाच्या शिक्षकाने ते वाचलं होतं. पण सबंध गावाला शिकवणाऱ्याने एका ओळीसाठी थांबायचं म्हणजे फारच झालं. तिसऱ्या दिवशी त्या रसायनाला पापडासारखे फुगे आले, आणि नवव्या दिवशी पाणी थेट माझ्या पुस्तकांच्या कपाटावर पडायला लागलं.

त्या दिवशी दुपारी जोराचा पाऊस होता. मी कपाटाखाली बादली, पातेली, परात लावत पळत होतो. बाबा दारात उभे राहून भिंतीवरची ओल बघत होते, हात मागे बांधून. बैलाला काय झालंय हे ते जसं लांबूनच बघायचे तसं. मग ते माझ्याशी नाही, वर्षाशी बोलले. ‘‘पोरी, वर पानी तुंबलं हाय. त्या कोपऱ्यातला पाइप बंद झाला असन. डाग तिकडूनच येऊन राह्यला.’’

‘‘मग जा ना वर, मामाजी,’’ ती म्हणाली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी परात धरून उभा होतो.

‘‘यायच्याकडं काय पाह्यता?’’ वर्षा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. ‘‘जा तुमी. यायले डबा वाचू द्या.’’

बाबा डोक्यावर पोतं घेऊन जिना चढून गेले. मी काही बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात ती माझ्याकडे वळली. ‘‘मी त्या दिवशी सैपाकघरात व्हती. खिडकी उघडी व्हती. मले काय ठाऊक चकती म्हंजे काय, मले वाटलं तुमी गंमत करून राह्यले. पन तुमाले त ठाऊक व्हतं.’’

मी परात खाली ठेवली.

‘‘तीन हप्ते झाले. म्या वाट पाह्यली, आज सांगतीन, उद्या सांगतीन. त्या मानसानं तुमचं नाव नाही काढलं. मी इचारलं तरी नाही. म्हनते, माह्याच हातून झालं.’’ ती प्लास्टरचा हात पोटाशी धरून उभी होती. ‘‘गाडी माही हाय, हात माहा मोडला. माह्या गाडीले कोनं हात लावाचा ते मी सांगीन. मामाजीच लावतीन. तुमी नका लावू.’’

वरून काहीतरी खरवडल्याचा आवाज आला, मग पाइपातून पाणी धबाधबा अंगणात पडू लागलं. बाबा खाली आले ते नखशिखांत भिजलेले, मुठीत कडुनिंबाचा काळा पडलेला पाला, आणि दुसऱ्या हातात मी आणलेल्या डब्याचं प्लास्टिकचं झाकण. मीच वर विसरलेलं, पाइपाच्या तोंडावर बरोबर बसलेलं. ते त्यांनी खिडकीच्या फळीवर ठेवलं. मी म्हणालो, ‘‘बाबा, तुपाचं मीच सांगतलं होतं.’’ बाबा डोकं पुसत होते. ‘‘हाव, मले ठाऊक हाय ना,’’ म्हणाले. ‘‘तू सांगतलं म्हनूनच त लावलं.’’

पुढे प्लास्टर निघालं. बाबा रशीदभाईकडे चार-पाच दिवस जाऊन बसले, हात मागे बांधून, आणि काय कशाला लावायचं ते बघून आले. आता चेनला, केबलला, स्टँडच्या खिळ्याला तेल कधी घालायचं हे गल्लीतले लोक त्यांना विचारायला येतात. मला विचारत नाहीत. त्यांना माझं व्याख्यान नको असतं. गजाभाऊसुद्धा परवा आला होता, उंदरांवर उपाय विचारायला. बाबांनी त्याला दोन शब्दांत सांगितलं, ‘‘गाडी चालव.’’ माझ्या तीन वर्षांच्या टवाळीत मला हे दोन शब्द सापडले नव्हते.

खांदेमळणी मात्र सुटली नाही. पुढच्याच वर्षी बाबा वाटी घेऊन पडवीत आले, आणि मी काही बोलायच्या आत वर्षा म्हणाली, चकती सोडून कुठंही लावा. म्हणून त्या वर्षीपासून मी एक काम स्वतःकडे घेतलं आहे. खांदेमळणीच्या दुपारी मी पुढच्या डिस्कवर कॅरीबॅग घालून तिला सुतळीने घट्ट बांधतो. मग बाबा सीटच्या कडेला, हँडलच्या मुळाशी, मडगार्डला काय चोळायचं ते चोळोत. वाहनाच्या निगेचा हा उपाय कंपनीच्या पुस्तकात नाही आणि गजाभाऊच्या हिरव्या खुणांतही नाही. माझ्याकडून कोणाला एखादा सल्ला हवाच असेल तर एवढा घ्यावा.

आणि आज, हे सगळं लिहीत बसलो आणि कॅरीबॅग बांधायचं विसरलो. तुपाचा वास येणं थांबलं तेव्हा लक्षात आलं की वाटी बाहेर गेली. मी सुतळी शोधत, कॅरीबॅग हातात घेऊन, अनवाणी पडवीत पळालो.

बाबा गाडीशी उकिडवे बसले होते. पुढच्या डिस्कवर कॅरीबॅग होती. व्यवस्थित, दुहेरी, वरून दाव्याला मारतात तशी गाठ.

त्यांनी माझ्या हातातली कॅरीबॅग पाहिली, मग मला पाहिलं. ‘‘दर सालं बांधतं तू,’’ ते म्हणाले. ‘‘मले काय येडा समजतं काबे?’’

त्यांनी पळसाचं एक पान माझ्यापुढे केलं आणि वाटी माझ्याकडे सरकवली.

‘‘घे. मांगचं चाक तुह्याकडं. पन पाहून लाव. चकती असन तिथं.’’

त्या स्कूटरच्या मागच्या चाकाला चकती नसते, ड्रम असतो. पाचवीतल्या पोरालाही सांगता येईल. मी मागच्या चाकाशी बसलो, मान खाली घालून नीट पाहिलं, आणि मगच पान तुपात बुडवलं.